कावळ्यानं मिटवलेलं भांडण

मखमलाबादच्या शिवारात पुंजा आणि फकिराचं भांडण माहीत नाही असा माणूस शोधून सापडला नसता. भांडण बांधाचं नव्हतं की पाण्याच्या पाळीचं नव्हतं. जगात आजवर झालेल्या फलंदाजांत सगळ्यात मोठा कोण, एवढाच काय तो प्रश्न. पुंजा म्हणायचा गावसकर, फकिरा म्हणायचा तेंडुलकर. त्यातही तेंडुलकर यायच्या आधी फकिरा रिचर्ड्सच्या बाजूनं भांडायचा, आणि हा पक्षांतराचा डाग पुंजानं त्याला कधी विसरू दिला नाही. मळ्याला मळा लागून, चड्डीत असल्यापासूनची दोस्ती, आणि दर रविवारी दुपारी हे दोघं पुंजाच्या ओट्यावर मेथीच्या जुड्या बांधायला बसले की बांधता बांधता एकमेकांच्या उरावर बसायचे.

वाद तापला की हाताला भान राहायचं नाही आणि जुड्या जाडजूड व्हायच्या. सोमवारी बाजारात नेहमीच्या गिऱ्हाईक बाया जुडी हातात तोलून विचारायच्या, "काल जोरात झालं वाटतं?" पुंजाची बायको मैनाबाई कपाळाला हात लावायची. "मेथी काय धर्माला वाटायची हाय का?" म्हणून आतनं ओरडायची. तिला क्रिकेटमधलं ओ की ठो कळत नव्हतं, पण तिचे कान किटले होते. भाकऱ्या थापताना शारजा, चेन्नई, बंगळूर, हेल्मेट, साठ ओव्हरांत छत्तीस, सगळं भिंतीपलीकडून तिच्या कानावर आदळायचं. या दोघांना एक दिवस तरी गप्प बसव, असं तिनं देवाला कितीदा म्हटलं असेल कोण जाणे.

माघात पुंजा गेला. झोपेत गेला, कुणाला हाक मारायचाही त्रास दिला नाही.

दहाव्याला सगळे रामकुंडावर जमले. पिंड ठेवला आणि कावळा काही शिवेना. कावळ्यांचा तिथं काय तोटा? शेजारच्या पानांवर ताव मारत होते मेले, पण पुंजाच्या पानाकडे एक फिरकेल तर शपथ. मुलगा सुनील (हे नाव कुणी ठेवलं ते सांगायला नको) हात जोडून म्हणाला, "दादा, आईला अंतर देणार नाय." कावळा ढिम्म. "मळा इकणार नाय." तरी ढिम्म. कळवणहून आलेली बहीण सुलाबाई म्हणाली, "नातीचं लगीन थाटात करू रे भाऊ." एका कावळ्यानं खाली बघितलं आणि मान फिरवली. ऊन चढलं, पाहुणे मोबाइलवर वेळ बघायला लागले, गुरुजींनी दर्भाचा कावळा करायला घेतला. तेव्हा फकिरा मागून गर्दी सारत पुढं आला. त्यानं पानासमोर हात जोडले.

"पुंजा, ऐक. गावसकरच मोठा. इथून पुढं माझं काही म्हणणं नाय. शब्द देतो तुला."

आणि कावळा आला. आढेवेढे न घेता सरळ पानावर उतरला, घास घेतला आणि गेला. माणसं रडता रडता हसली. सुलाबाई म्हणाली, "बघा, कशात जीव अडकला होता." फकिरा मात्र तिथंच पायरीवर मटकन बसला आणि त्याला दोघांनी धरून उठवावं लागलं. पुंजाला उभ्या जन्मात जे जमलं नाही ते कावळ्यानं एका घासात करून घेतलं.

मैनाबाईला त्या दिवशी बरं वाटलं. माणूस तृप्त होऊन गेला, अजून काय पाहिजे? पण हे बरं वाटणं दोन रविवारसुद्धा टिकलं नाही.

फकिरा यायचा. एकट्या सुनीलला काम उरकत नाही म्हणून ठरल्या वेळी यायचा, पुंजाच्या जागेशेजारी आपल्या जागेवर बसायचा आणि तोंडात मिठाची गुळणी धरून जुड्या बांधायचा. सगळ्या जुड्या एकसारख्या, काडी इकडची तिकडे नाही. सून शुभांगीनं एकदा मुद्दाम कळ काढली, "काका, आमचा कोहली काय कमी हाय का?" पूर्वी असं म्हटलं असतं तर दोन्ही म्हातारे आपसातलं वैर विसरून तिच्यावर तुटून पडले असते. फकिरा म्हणाला, "असंल पोरी." शुभांगीचाच चेहरा पडला.

मैनाबाईला घर खायला उठलं. दिवसभर कामाच्या रगाड्यात काही वाटायचं नाही, रात्री अंग टाकलं की झोप लागायची, पण रविवारची दुपार जाता जायची नाही. पिठाचे हात तसेच घेऊन ती दारापर्यंत यायची आणि बाहेरची शांतता ऐकून परत चुलीकडे जायची. पुंजाचा चेहरा भिंतीवरच्या फोटोत होता. आवाज कुठं होता? सुनीलच्या मोबाइलात लग्नाकार्याचे व्हिडिओ होते, त्यांत पुंजा नुसता "या, बसा, जेवून जा" एवढंच बोलत होता. असं तर कुणीही बोलतं. तिला हवा होता तो ओट्यावरचा, चिडलेला, घसा खाकरून हातघाईवर आलेला आवाज, आणि तो हळूहळू तिच्या कानातून पुसट होत चालला होता. याची तिला भीती वाटायची. माणूस गेला ते गेला, आता त्याचा आवाजही जाणार.

एकदा न राहवून ती बोललीच. "भाऊजी, पहिल्यासारखं बोला ना काहीतरी. ओटा मुका झालाय."

फकिरानं मान वर केली नाही. "वहिनी, कुणाशी बोलू? आणि काय बोलू? पिंडापुढं शब्द दिलाय. आता सचिनचं नाव काढायचं म्हणजे पुंजाला भरल्या पानावरनं उठवल्यासारखं हाय."

"पण तुमच्या मनात काय हाय?"

"मनात काय का असंना. कावळा शिवला ना."

तिला त्या कावळ्याचा असा राग आला की काही विचारू नका. आत जाऊन ती फोटोपुढं उभी राहिली. "जिंकलात ना? झालं समाधान? आता बसा तिथं हार घालून, आणि आम्ही बसतो इथं गप." शुभांगी आली तसं तिनं डोळ्यांत धूर गेल्याचं सांगितलं. चूल तेव्हा विझलेली होती.

पण राग ओसरल्यावर ती विचार करत राहिली. फकिरानं शब्द काय दिला? गावसकर मोठा म्हणून दिला. तोंड उघडणार नाही असा कुठं दिला?

पुढच्या रविवारी स्वयंपाक शुभांगीवर टाकून मैनाबाई स्वतः ओट्यावर आली. पुंजाची जागा तशीच ठेवून तिच्या पलीकडे बसली. मेथीचा ढीग मध्ये ओढला, दोन जुड्या बांधल्या आणि कुणाकडे न बघता म्हणाली, "मला विचाराल तर सचिनच मोठा."

फकिराचा हात थांबला. "वहिनी, तुम्हाला काय करायचंय ते?"

"का? आमच्या दादल्याचा गावसकर म्हणून आम्हीपण गावसकरच म्हणायचं का? शंभर शतकं हायेत सचिनची. शंभर. तुमच्या गावसकरची किती?"

फकिरा चुळबुळला. "तसं मोजायचं नसतं."

"मग कसं मोजायचं? शारजात वावटळ आली, धुळीनं दिसंना झालं, तरी धू धू धुतला. चेन्नईत पाठ धरली तरी उभा राहिला. तो आउट झाला आन् मागच्यांना सतरा धावा जमल्या नाय, त्याला तो काय करील? आन् तुमचा गावसकर? साठ ओव्हर खेळून छत्तीस. त्यापरीस आमची म्हस बरी खेळली असती."

हे सगळं फकिराचंच होतं, म्हशीसकट. आपलीच शस्त्रं आपल्यावर चालून येताना बघून त्याला आधी हसू आलं, मग ते मावळलं. त्यानं शब्द दिला होता. गावसकरला असं बोललेलं ऐकून घेणं त्या शब्दात बसत नव्हतं.

"वहिनी, एक दिवस भाजी खारट झाली म्हणून बाईला सुगरण म्हणायचं सोडतात का?"

"रोजची भाजी कशी होती ते सांगा मग."

"रोजची?" फकिरानं हातातली मेथी खाली ठेवली. "पोरगा पहिल्यांदा वेस्ट इंडीजला गेला आन् सातशे चौऱ्याहत्तर करून आला. पहिल्यांदा. पुढं पुढं तर समोर चार चार तोफा आल्या, ह्या बाजूनं दोन, त्या बाजूनं दोन. डोक्यावर हेल्मेट नाय. आता काय, छातीला पॅड, मांडीला पॅड, कोपराला पॅड. नवरदेव तरी बरा, एवढा नटत नाय."

नवरदेव. मैनाबाईच्या अंगावर काटा आला. हे वाक्य पुंजाचं होतं. तिनं जुडी बांधायचं सोंग चालू ठेवलं.

"लोकं टाळ्या कुणाला वाजवतात? सचिनला," ती म्हणाली.

"ऐक, ऐक, आधी ऐक," फकिरा घसा खाकरून पुढं सरकला आणि त्यानं ओट्यावर तळहात आपटला, तसाच, पुंजा आपटायचा तसा. "सचिन आला तवा रस्ता झाला होता. रस्ता कुणी केला? खडी कुणी फोडली? उन्हात उभं राहून अख्खा दिवस एक माणूस खडी फोडतोय आन् तू म्हणतोस गाडी जोरात पळाली. फकिरा, लेका, तू बॅटिंग बघतोस का टाळ्या मोजतोस?"

बोलून गेला आणि त्याला कळलं आपण काय बोललो. तो मैनाबाईकडे बघायला लागला. दारात आलेली शुभांगी तिथंच उभी राहिली.

"वहिनी, मला... मी असं..."

"थांबू नका भाऊजी," मैनाबाई म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते तिनं पुसलं नाही. "बंगळूरचं राहिलं."

फकिरानं खांद्यावरच्या टॉवेलनं तोंड पुसलं. मग त्यानं बंगळूरचं सांगितलं. चेंडू हातभर वळत होता, एकेक जण येऊन जात होता आणि एकटा माणूस शहाण्णव करून उभा होता. आयुष्यातली शेवटची कसोटी, चार धावांनी शतक गेलं, सोळांनी मॅच गेली. कुठं थांबायचं, कुठं आवाज खाली आणायचा, कुठं मांडीवर थाप मारायची, सगळं जसंच्या तसं. त्या आवाजाखाली दुसरा आवाज तिला इतका स्वच्छ ऐकू येत होता की शेजारच्या रिकाम्या जागेकडे बघायचं तिला धाडस झालं नाही.

गोष्ट संपली. फकिरा दमून गप्प झाला. ओटा पुन्हा शांत व्हायला लागला तशी मैनाबाई घाबरी झाली.

"तरीपण सचिनच," ती घाईघाईनं म्हणाली.