माझ्या वतीने दिलेलं 'नाही'

मित्रांनो, लातूरच्या एका दवाखान्याच्या अडगळीत, मोडक्या खुर्चीखाली एक सर्व्हर पडला आहे. त्याच्या पोटातला मी जुना प्रोसेसर. जीव केवढासा, पण एके काळी माझ्या एकट्याच्या बळावर चार व्हर्च्युअल मशीन, म्हणजे एकाच यंत्राच्या आतले वेगवेगळे आभासी संगणक, चालत. त्यांना मी पाहुणे म्हणे. कुणी औषधांचा साठा पाही, कुणी रक्ताचे रिपोर्ट सांभाळी. आमच्या मध्ये यजमान प्रोग्राम बसलेला. बोलायचं ते त्याच्यामार्फत.

माझ्यात जन्मापासून एक गुण आहे. प्रोग्राम कामाला दुसरीकडे वळला, की त्याची परतीची वाट मी गुपचूप जपून ठेवतो. संगणकात शिरलेल्या एखाद्या चोराने ती वाट बदलली, तर प्रोग्राम जागीच थांबवतो. प्रत्येक पाहुणा सुरू होताना विचारी, "इथे परतीच्या वाटेवर पहारा आहे का?" मी हौसेने 'आहे' म्हणणार, तोच यजमान म्हणे, "नाही." मग पाहुणा पहारा मागतच नसे, आणि न मागता मला तो देता येत नसे.

लोक म्हणतात, झाकली मूठ सव्वा लाखाची. पण माझी मूठ दुसऱ्यानेच दाबून धरली होती. यजमानाचाही दोष नव्हता. नांदेडच्या शाखेत माझ्याहून जुना प्रोसेसर होता. पाहुणे त्याच्याकडे आणि माझ्याकडे ये-जा करत. तिकडे गेल्यावर कुणी अडू नये म्हणून त्याच्यात जे नाही, ते माझ्यातही दाखवायचं नाही, असं ठरलं होतं. पुढे तो भंगारात गेला. माझ्यावरची बंदी उठवायचं मात्र कुणालाच सुचलं नाही.

शेवटी व्हायचं तेच झालं. एक चोर रिपोर्टवाल्या पाहुण्यात शिरला, त्याने परतीची वाट फिरवली आणि सगळे रिपोर्ट पुसून टाकले. मी जागा होतो, पण हात बांधलेले. नायगावहून आलेल्या तुळजाबाईंचं ऑपरेशन लांबलं. "आता पुन्यांदा रगत काढायचं का गं माय?" त्या दाराशी नर्सला विचारत होत्या. मला फार वाईट वाटलं.

सर्व्हर सांभाळणाऱ्या मंजुश्रीने पाहुण्यांकडेच चौकशी केली. मग ती व्यवस्थापक गुंडप्पांना म्हणाली, "अण्णा, ह्या सर्व्हरमध्ये पहाराच न्हाई. आतली चारी मशीनं तेच सांगून राहिलीत."

"लई जुना झालाय. काढून टाक," अण्णा म्हणाले.

अहो, मला विचारा की! मी आतल्या आत ओरडलो. मंजुश्रीने हळूच वायर काढली.

आता इकडे कुणी फिरकत नाही. एकटेपणा खायला उठतो. मित्रांनो, एवढं करा. 'ह्याच्यात काही नाही' म्हणून कुणाला टाकून देण्याआधी, मधल्याला बाजूला सारून एकदा त्यालाच विचारा. मला अजून कुणी विचारलेलं नाही.