बर्फाचा रंग

भिंतभर टीव्ही चालू होते आणि त्या सगळ्यांत एकच बाई एकाच वेळी हसत होती. तुळसा दुकानाच्या पायरीवर थबकली. चपला बाहेर काढाव्यात की घालूनच आत जावं, हे तिला उमगेना. शेवटी तिनं त्या काढल्या आणि देवळात शिरावं तशी दबकत आत शिरली.

"अगो, चपला घालून ये. हितं कोन नाय काढत," मुरारी म्हणाला. पण ती अनवाणीच उभी राहिली.

मुरारीची सारी उमर मुंबईत, भायखळ्याच्या एका खानावळीत गेली होती. गुडघे धरल्यावर दोन वर्षांपूर्वी तो गावी परतला. तोवर पोलादपूरच्या वरच्या डोंगरातलं घर, नाचणीची शेती, म्हातारा-म्हातारी आणि एकुलता एक सोमा, हे सगळं तुळसानं एकटीनं रेटलं होतं. घरात जे काही विकतचं आलं ते मुरारीनं मुंबईहून आणलेलं. पातळं त्यानं निवडलेली, पत्र्याची पेटी त्यानं निवडलेली, भिंतीवरचं घड्याळसुद्धा. तुला कंचं पायजे, असं तिला कुणी कधी विचारलंच नव्हतं.

सोमा फौजेत गेला आणि त्यानं विचारलं. पोलादपूरच्या बूथवर त्याचा फोन आला तेव्हा पलीकडून तो ओरडून सांगत होता, "आये, वाडीत लाईट आली ना? मंग टीव्ही घ्या. पैसे धाडलेत. पन तू निवडायचा! बाबा नाय, तू!"

म्हणून आज दोघं एस.टी.नं महाडला आली होती.

दुकानाचे मालक श्रीधरशेठ गल्ल्यामागून उठून आले. "या, बसा. कसा दाखवू? मोठा, छोटा?"

"मधला दावा," मुरारीनं दोन्ही हात पसरून मधलं माप दाखवलं. "लई महाग नको, लई हलका नको. आन आमच्याकडं करंट लई मंद असतो, त्यात चालला पायजे."

"मग स्टॅबिलायझर लागेल. त्याचा आणि अँटेनाचा खर्च धरला, तर तुमच्या पैशांत दोन बसतात." श्रीधरशेठांनी बोट केलं. "हा वीस इंची, पण ब्लॅक अँड व्हाईट. किंवा तो खालचा रंगीत, चौदा इंची. दोन्ही टिकाऊ आहेत. आता पसंती तुमची."

मुरारी वीस इंचीपुढं उभा राहिला आणि तिथंच त्याचं ठरलं. "ह्यो एकदम फर्स्ट क्लास. सगळी वाडी बसंल समोर. त्या बारक्यात काय दिसनार, पोस्टाचं कार्ड हाय ते! काय गो?"

तुळसाचं लक्ष भिंतीकडं होतं. ती नुसती बघत होती. हसणारी बाई गेली, साबणाची जाहिरात आली, ती गेली. आणि मग एकाएकी सगळी भिंत पांढरी झाली.

डोंगर होते. पण झाड नाही, गवत नाही, वाट नाही. वरपासून खालपर्यंत पांढरे. त्यांच्या कडेनं माणसांची एक रांग चालली होती, मुंग्यांएवढी. एकामागून एक पाय उचलत होती, आणि पाऊल गुडघ्यापर्यंत आत जात होतं.

"ह्ये काय हाय?" तिनं विचारलं.

"बर्फ आहे," श्रीधरशेठ म्हणाले. "लडाखकडचा दिसतोय."

लडाख. सोमाच्या पत्रांत हाच शब्द असतो, असं वाडीतली पोरं वाचून सांगत. बर्फ म्हणजे तुळसाला ठाऊक होता तो मासळीच्या खोक्यातला, भुसा लागलेला, हातात घेतला की पाणी होणारा. पोरगा बर्फात राहतो म्हणतो म्हणजे असल्याच लाद्या इकडं-तिकडं पडलेल्या असतील, अशी तिची समजूत होती. ती जन्मभर डोंगर चढली-उतरली होती. डोंगर एवढा मोठा असू शकतो आणि एवढा गप्प असू शकतो, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

"अवो," ती हळूच म्हणाली, "आपला सोमा हितं हाय?"

मुरारीनं मान डोलावली.

श्रीधरशेठांनी दोघांकडं पाहिलं. ते काही विचारत बसले नाहीत. भिंतीपाशी जाऊन त्यांनी बाकीचे संच एकेक करून बंद केले. ते दोनच चालू ठेवले आणि आवाज बारीक केला.

तुळसा आधी मोठ्यापुढं गेली. त्यात डोंगर राखेच्या ढिगासारखा दिसत होता. मग ती खाली, चौदा इंचीपुढं उकिडवी बसली. त्यात बर्फ नुसता पांढरा नव्हताच. घळीत तो निळा होता. उन्हाकडच्या बाजूला पिवळसर होता. आणि चित्र बदलून पहाट झाली तेव्हा वरचं एक टोक गुलाबी झालं, आधी टोक, मग हळूहळू खांदा. तिनं न राहवून हात पुढं केला. काचेजवळ जाताच तडतड आवाज झाला आणि तिच्या मनगटावरची लव उभी राहिली. तिनं हात मागं घेतला नाही.

"ह्यो द्या," ती म्हणाली.

"अगो, पन वाडीतली मानसं..."

"मानसं जवळ सरकून बसतील." नवऱ्याचं बोलणं तिनं आयुष्यात प्रथमच मध्ये तोडलं होतं. "माझा पोरगा निळ्यात ऱ्हातो, गुलाबीत ऱ्हातो. मी त्याला राखंत कशाला बगू?"

मुरारी तिच्याकडं बघतच राहिला. मग श्रीधरशेठांना म्हणाला, "बांधा शेठ. बाईनं निवडलाय."

एस.टी.तून उतरल्यावर वाडीची चढण ती स्वतः टीव्ही डोक्यावर घेऊन चढली. मुरारीनं दोनदा हात पुढं केला, तिनं दिला नाही. दारात शेजारची प्रयागबाई हळदी-कुंकू घेऊन उभी होती. रोज संध्याकाळी माणसं खरंच जवळ सरकून बसू लागली. तुळसा बातम्या सोडत नसे. त्यातलं तिला फारसं कळायचं नाही, पण कधीतरी ओझरता पांढरा डोंगर दिसायचा, आणि मग ती त्या रात्री जेवतानाही कमी बोलायची.

शिमग्याला सोमा रजेवर आला. वाळला होता, काळवंडला होता. उन्हातसुद्धा पायातले मोजे काढत नव्हता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घर माणसांनी भरलं असताना बातम्यांत बर्फ आला.

"सोमा, ये रे! तुजं गाव दावतात!" तुळसानं हाक मारली.

ओ आली नाही. ती उठून मागच्या पडवीत गेली. सोमा पायरीवर बसला होता. मोजे काढून त्यानं पाय ऊन पाण्याच्या घमेल्यात सोडले होते. आईला बघून त्यानं उजवा पाय झाकायची घाई केली, पण तिनं पाहिलं होतं. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट नव्हतं.

ती त्याच्यासमोर खाली बसली.

"कंदी?"

"पौषात. गस्तीवर बूट भिजला." तो खाली बघत बोलत होता. "आता मला खालच्या पोस्टवर दिलंय, स्टोअरात. बाबाला सांगू नको."

"लई दुखलं?"

"नाय ना. तिथं दुखतच नाय, आये. म्हनून तर कळत नाय."

घरातून माणसांचा गलका आला. कुणीतरी म्हणत होतं, बगा बगा, डोंगर कसा उजळला.

"त्यो खरंच तसा व्हतो?" तुळसानं विचारलं. "गुलाबी?"

सोमानं पहिल्यांदा वर पाहिलं. "व्हतो. दोन-चार मिन्टंच. पन तेवढ्यात आमी सगळं इसरून बगत ऱ्हातो. आता खालनं नाय दिसत."

तुळसानं त्याचा पाय घमेल्यातून उचलून मांडीवर घेतला आणि पदरानं टिपायला लागली. अंगठा, मग त्याच्या शेजारचं, मग त्याच्या शेजारचं, बोटांच्या मधूनमधून. आणि जिथं बोटं नव्हती, तिथंही तितक्याच सावकाश.