पिवळी ज्योत

बाईंनी जेवणाचं टेबल पुसलं, हात कोरडे केले आणि मगच पाकीट फोडलं. आतून बारकीच्या विज्ञानाच्या उत्तरपत्रिकेच्या छायाप्रती निघाल्या. समोर नणंद उभी होती. बसा म्हटलं तरी बसायला तयार नव्हती.

"वहिनी, आधी एवढं सांगा, दोन गुण निघतील ना?"

"ताई, बघू तर द्या. अजून पहिलं पानसुद्धा उलटलं नाही मी."

नणंद खालच्या मजल्यावर राहायची. औषधांच्या कंपनीत गोळ्यांची पाकिटं खोक्यात भरायचं काम, दिवसभर उभं राहून. त्यामुळे घरी आल्यावरही तिला बसायचं सुचत नसे. बारकी तिची धाकटी. आईपेक्षा वीतभर उंच झाली तरी नाव बारकीच राहिलं होतं. शालान्त परीक्षेत बाकी सगळ्या विषयांत ती निघाली आणि विज्ञानात दोन गुणांनी गेली. दहा गुणांनी गेली असती तर माणूस रडून मोकळं झालं असतं. दोन गुण माणसाला झोपू देत नाहीत.

इस्पितळात रक्त-लघवी तपासणाऱ्यांचा जो अभ्यासक्रम असतो, तो बारकीला करायचा होता. त्याला विज्ञानात पास असणं भाग होतं आणि प्रवेश महिनाअखेर बंद होणार होते. फेरपरीक्षा त्यानंतर. एक वर्ष घरी बसवायची नणंदेची तयारी नव्हती. तिच्याच कंपनीत बारकीसाठी जागा निघाली होती, आणि अशी जागा वर्षभर कुणी राखून ठेवत नाही.

बारकीला ह्या वाटेला घाला, हे बाईंनीच सांगितलं होतं. बाई तिच्याच शाळेत विज्ञान शिकवायच्या. पोरगी लिहायला बसली की शब्दांच्या मागे धापा टाकत धावायची, पण हात असा स्थिर की बाईंना हेवा वाटावा. काचेच्या नळीतून थेंब सोडायला सांगितला तर थेंबच सोडणार, धार नाही. घरातला मिक्सर बंद पडला की मामा दुकानाचा पत्ता शोधेपर्यंत ही तो उघडून बसलेली असायची. "लेखीत काठावर राहिली तरी प्रयोगाच्या परीक्षेत भरून काढेल," असं बाई नणंदेला छातीठोकपणे म्हणाल्या होत्या. तेव्हा प्रयोगाला वेगळे गुण होते. बाहेरचे परीक्षक यायचे, मुलाच्या पुढ्यात सामान ठेवायचे आणि करून दाखव म्हणायचे.

मग मंडळाने ती परीक्षाच काढून टाकली. शाळा प्रयोगाचे गुण खिरापतीसारखे वाटतात, असं कारण दिलं, आणि ते खोटं नव्हतं हे बाईंनाही ठाऊक होतं. नव्या पद्धतीत प्रयोग वर्गात करायचे, त्यांचे गुण नाहीत. लेखी पेपरातच प्रयोगांवर प्रश्न येणार. सगळे प्रयोग ठरलेल्या सामानानिशी करून घेतले, असं प्रमाणपत्र शाळेने सही करून पाठवलं की झालं. पोहता येतं का, हे किनाऱ्यावर बसून लिहून दाखवायचं, अशातली गत. बाईंनी मंडळाला दोन पत्रं लिहिली. एकाची पोच आली.

ज्याला गुण नाहीत त्याच्यावर शाळा खर्च करत नाही. प्रयोगशाळेच्या अर्ध्या भागात मोडके बाक रचले गेले. नवीन रसायनं आली नाहीत. पोटॅशियमच्या क्षाराच्या बाटलीत कुणीतरी मिठाचा चमचा तसाच घातला आणि ती बाटली कायमची बाटली. ज्योत परीक्षेला, म्हणजे तारेच्या टोकावर क्षार घेऊन ज्योतीत रंग बघायला, सगळ्या वर्गात मिळून एकच तार उरली. निळी काच फुटली, ती बदलून द्या असं सांगून सांगून बाईंच्या तोंडाला फेस आला.

बाईंनी पान उलटलं. उत्तरं तशी नेहमीचीच होती, अर्धवट सुटलेली, खोडलेली. तपासणाऱ्याने कुठे अन्याय केला होता असं म्हणायला जागा नव्हती. प्रयोगांच्या प्रश्नाशी त्या थांबल्या.

'तुम्ही केलेल्या ज्योत परीक्षेत पोटॅशियमच्या क्षारामुळे ज्योतीला कोणता रंग आला? कारण लिहा.'

खाली बारकीचं गिचमिड अक्षर होतं. 'पिवळा. कारण आमच्या बाटलीत मीठ मिसळलं होतं. मिठात सोडियम असतं. सोडियमचा पिवळा रंग फार जोरात असतो म्हणून पोटॅशियमचा जांभळा झाकला जातो. निळ्या काचेतून बघितलं तर पिवळा अडतो आणि जांभळा दिसतो. पण आमची काच फुटली आहे.'

त्यावर लाल तिरकी रेघ आणि शून्य. प्रश्न दोन गुणांचा होता.

बाईंनी ते पुन्हा वाचलं. आनंदाने त्यांचं तोंड उघडलं आणि लगेच मिटलं, कारण हे उत्तर बारकीकडे कुठून आलं हे त्यांना आठवलं.

त्या दिवशी वर्गात पिवळीच ज्योत दिसली होती, सगळ्यांना. तास संपत आला होता, अभ्यासक्रम मागे पडला होता. बाई टेबलापाशी उभ्या राहून म्हणाल्या होत्या, "पोटॅशियमची ज्योत जांभळी असते. परीक्षेत जांभळी लिहा." मुलांनी माना खाली घालून जांभळी लिहिलं. संध्याकाळी बारकी वर आली. बाई वाटाणे सोलत होत्या. शाळेत ती त्यांना बाई म्हणायची, घरात मामी, आणि ह्यात तिचा कधी घोटाळा झाला नव्हता.

"मामी, जांभळी कुठे होती? मला तर पिवळीच दिसली."

मुलं असं काही विचारायची ते दिवस सरले असं बाई धरून चालल्या होत्या. त्या इतक्या हरखल्या की वाटाण्यांचं ताट बाजूला सारून त्यांनी तिला सगळं समजावलं, मीठ, सोडियम, निळी काच. वर म्हणाल्या, "तुझ्या डोळ्यांना जे दिसलं ते खरं. का दिसलं, तेवढं शोधायचं. ह्यालाच विज्ञान म्हणतात, बारके." बारकीची मान ताठ झाली होती. बाईंनी शिकवलेलं तिला आयुष्यात पहिल्यांदा पूर्ण समजलं होतं, आणि ते तिने पेपरात जसंच्या तसं लिहून ठेवलं.

"काय झालं, वहिनी? सापडलं का काही?"

"एक जागा आहे," बाई म्हणाल्या. "उद्या सरांशी बोलते."

नणंद तेव्हा कुठे खुर्चीवर टेकली.

मुख्याध्यापक वाईट माणूस नव्हता. बाई पुढे कितीही चिडल्या तरी हे त्यांना नाकारता आलं नाही. बाईंनी कागदावर उतरवून आणलेलं उत्तर त्याने वाचलं, चष्मा काढला आणि हसला.

"छान लिहिलंय हो पोरीने. आपल्या शाळेत असं लिहिणारं कुणी आहे, हे माहीत नव्हतं मला."

"सर, फेरतपासणीला मंडळ विषयशिक्षकांचं पत्र मागतं. आमच्या वर्गात प्रयोग करताना खरोखरच पिवळी ज्योत दिसली, कारण क्षार शुद्ध नव्हता, एवढं मी लिहून देते. दोन गुण द्यावेच लागतील त्यांना."

"देतीलही." त्याने चष्मा पुन्हा घातला. "आणि मग विचारतील, शाळेने तर सगळे प्रयोग ठरलेल्या सामानानिशी केले असं लिहून दिलंय. त्यावर सही कुणाची आहे?"

"माझी. आणि तुमची."

"माझी नोकरी वर्षभराची राहिलीये. माझं सोडा. बाकीच्या मुलांनी काय लिहिलंय त्या प्रश्नाला?"

बाईंनी उत्तराचा कागद आपल्याकडे ओढला.

"जांभळी," तोच म्हणाला. "सगळ्यांनी. तुम्हीच सांगितलं होतंत, आणि तुमचं बरोबरच होतं. पण आता तुम्ही लेखी देणार की वर्गाला पिवळी दिसली. आणि प्रश्न असा विचारलाय की तुम्ही केलेल्या प्रयोगात काय दिसलं. ह्या बाकीच्या पोरांना जांभळी दिसली कुठून? लागलेला निकालही राखून ठेवतात, बाई, पूर्ण शाळेचा. चौकशी होईपर्यंत. पलीकडच्या शाळेचा निकाल सुटला तेव्हा प्रवेश संपून गेले होते."

"सर, खरं लिहिलं म्हणून ती एकटीच नापास झाली."

"मला कळत नाही असं वाटतं का तुम्हाला?" तो पहिल्यांदाच चढ्या आवाजात बोलला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "कागद देतो. लिहा तुम्ही. मी सही करून पुढे पाठवीन, अडवणार नाही. ती तुमची भाची आहे, हेही कुणीतरी काढेलच. त्याची तयारी ठेवा."

अडवलं असतं तर बरं झालं असतं. भांडता आलं असतं, आदळआपट करता आली असती. बाई कोरा कागद घेऊन प्रयोगशाळेत गेल्या आणि रचलेल्या बाकांच्या कडेला जागा करून बसल्या. तारीख घातली. विषय लिहिला. मग त्यांच्या डोळ्यांपुढे वर्ग यायला लागला. रिक्षावाल्याची ती जाड चष्म्याची मुलगी, जिला दुसऱ्या गावच्या वसतिगृहात जागा मिळाली होती. मागच्या बाकावरचे ते जुळे, जे काठावर पास झाले म्हणून त्यांच्या आईने शाळेत येऊन बाईंचे हात धरले होते. ह्यांतल्या कुणीही काही वाकडं केलं नव्हतं. बाईंनी सांगितलं ते त्यांनी लिहिलं होतं, इतकंच.

बारकीनेही बाईंनी सांगितलं तेच लिहिलं होतं. दोन्ही उत्तरं बाईंचीच होती. त्यांनी खूप वेळ पेन हातात धरून ठेवलं. आपण एवढी वर्षं काय शिकवलं, असा विचार माणूस निवृत्त होताना करतो म्हणतात. बाईंच्या निवृत्तीला अजून अवकाश होता आणि तो त्यांना त्या क्षणी फार लांबलचक वाटला. शेवटी त्यांनी कागदाची घडी केली, फाडली, आणि तुकडे मोरीच्या भोकात जाऊन अडकतील म्हणून ते पर्समध्ये टाकले.

घरी नणंद आणि बारकी टेबलाशी बसल्या होत्या. नणंदेने कंपनीत अर्धा दिवस सुट्टी टाकली होती. छायाप्रती पुढ्यात नीट लावून ठेवलेल्या होत्या. बाईंच्या चपला काढण्याच्या आवाजावरूनच बारकीला काय ते कळलं असावं, कारण तिने वर पाहिलं नाही.

"काय म्हणाले, वहिनी?"

"नाही जमत, ताई." बाई उभ्याच राहिल्या. "मंडळाच्या उत्तराशी जुळत नाही ते."

"म्हणजे चूकच आहे."

"जुळत नाही," बाई पुन्हा म्हणाल्या.

"तेच ते." नणंदेने प्रत लेकीपुढे सरकवली. तिचा आवाज चढला नव्हता, नुसता दमलेला होता. "काय लिहिलंस तू हे? रात्रंदिवस मामीच्या मागे-मागे असायचीस ना? मामीने काय सांगितलं होतं?"

बाईंना बोलायचं होतं. वाटाणे सोलतानाची ती संध्याकाळ त्यांच्या अगदी ओठांवर आली होती. ती सांगितली असती तर पाठोपाठ पत्राची गोष्ट आली असती, फाडलेल्या कागदाची आली असती, आणि भाचीसाठी वर्ग पणाला लावायचा की वर्गासाठी भाची, ह्याचा निवाडा आपण कुणाला न विचारता करून आलो, हे ह्या दमलेल्या आईच्या तोंडावर म्हणावं लागलं असतं. त्यांनी खुर्चीची पाठ धरली.

बारकीने मान वर केली. ती आईकडे नाही, मामीकडे बघत होती, आणि बराच वेळ बघत होती. तार ज्योतीत धरली की ती तशीच बघायची, घाई न करता, दिसेल ते पूर्ण दिसेपर्यंत.

"मामीने जांभळी सांगितलं होतं," ती म्हणाली. "वर्गात. सगळ्यांना. माझं लक्ष नव्हतं."

"आणि प्रयोग केलास तेव्हा? तुझ्या डोळ्यांना काय दिसलं?"

"जांभळीच दिसली," बारकी म्हणाली.

"मग तसं लिहायला काय झालं होतं तुला?"

बारकीने प्रत आईकडे परत सरकवली. नणंदेने प्रती गोळा करून पाकिटात घातल्या आणि सकाळी माझ्याबरोबर कंपनीत यायचंय, लवकर उठ, असं बारकीला सांगून ती खाली गेली.