कॅमेरा चेंडूमागे

सातपैकी सहा सामने हरल्यावरही हार्लन फॉल्समधलं सोमवारचं जेवण चुकलं नाही. माजी सैनिकांच्या सभागृहात दुपारी बाराला गावातले पंचवीस-तीस चाहते जमत, खिम्याचे सँडविच खात आणि शाळेच्या अमेरिकन फुटबॉल संघाचे कोच रिट्झ त्यांना शुक्रवारच्या सामन्याचं चित्रण दाखवत. ते चित्रण लेलँडचं. बावीस वर्षं तो मैदानाकाठच्या खोलीच्या छपरावरून ते करत होता. त्याचा नियम एकच: कॅमेरा चेंडूमागे.

शुक्रवारी क्वार्टरबॅकच्या, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या मुख्य खेळाडूच्या, खांद्याचं हाड मोडलं. उरलेल्या तीन सामन्यांत चेंडू फेकणार कोण, बारावीतला कोल्बी की दहावीतला इसाया? कोल्बी लेलँडचा नातू.

"कोल्बीच," हार्डवेअरवाला ड्वेन म्हणाला. "तीन वर्षं राखीव म्हणून बाकावर बसलाय बिचारा."

"बसल्याचं बक्षीस असेल तर मला द्या. मी चाळीस वर्षं बसतेय प्रेक्षकांच्या फळीवर," गणिताच्या निवृत्त शिक्षिका मर्ना म्हणाल्या.

"बाई, इसायाला अजून दाढी फुटली नाही."

"दाढीनं फेकतात होय? तुला सातवीतच होती. तू काय दिवे लावलेस?"

सगळे हसले. लेलँडही हसला. जखमी मुलाच्या जागी कोल्बी उतरला होता आणि त्याचे तीन चेंडू प्रतिस्पर्ध्यांनी मधल्यामध्ये पकडले होते. पावसानं चेंडू ओला झाला होता, असं सगळ्यांचं मत. रविवारी चित्रण तपासताना लेलँडला वेगळंच दिसलं होतं.

"लेलँड, तुम्ही सगळं भिंगातून पाहिलंय," कोच म्हणाले. "काही जाणवलं?"

पाऊस होता, एवढं म्हटलं तरी भागलं असतं. या तीन सामन्यांनंतर कोल्बी पुन्हा कधी खेळणार नव्हता. लेलँडनं चित्रण मागे नेलं.

"चेंडू बघू नका. त्याचं हेल्मेट बघा."

तिन्ही वेळा कोल्बी ज्याच्याकडे फेकणार, त्याच्याकडेच आधीपासून टक लावून पाहत होता. समोरच्यांना आयतंच कळत होतं. कोचनी वहीत काहीतरी लिहिलं.

संध्याकाळी कोल्बी घरी आला.

"आजोबा, तुम्ही दाखवलंत म्हणे."

"हो."

"मला आधी सांगायचं ना."

कोल्बीनं फ्रीज उघडला, ॲपल पायचा तुकडा काढला आणि उभ्यानंच खाल्ला.

"इसाया डावीकडे वळताना खांदा पाडतो," तो म्हणाला. "उद्या सांगतो त्याला."

पुढच्या सोमवारी पडद्यावर इसाया चेंडू घेऊन मागे सरकला आणि कॅमेऱ्यानं त्याला सोडलं. कॅमेरा मैदानाकडेच्या पांढऱ्या रेषेवर गेला. तिथे कोल्बी चिखलात उभा राहून स्वतःचाच डावा खांदा थोपटत इसायाला ओरडून काही सांगत होता. पाच-सहा सेकंद तोच दिसत राहिला. मग गर्दीचा गलका. कॅमेरा परतला तेव्हा आपली मुलं गोलरेषेपलीकडे आनंदानं एकमेकांच्या अंगावर पडली होती.

"लेलँड, चेंडू कुठाय?" ड्वेननं विचारलं.

"टचडाऊन झाला."

"वर्षभरात आपले सारे मिळून पाच. त्यातला एक तू गाळलास."

"ड्वेन, खा गप," मर्ना म्हणाल्या. "लेलँड, मागे ने जरा. तो पोरगा काय करत होता, ते नीट बघू दे."