वरून मोजलेला समुद्र

अंगणात माणिकप्पांच्या हातातला पॉलिश पेपर माझ्या अंगावर मध्येच थांबला होता. समोर बसलेल्या निकिताच्या मांडीवर छापील अहवाल उघडा होता आणि एका ओळीवर टेकलेले तिचे बोट दाबाने पांढरे पडले होते. खाडीच्या तोंडाशी भरतीचे पाणी वर्षभरात सात सेंटिमीटरने उतरले, असे त्या ओळीत होते. आपले नाव छापलेला कागद ती म्हाताऱ्या सुताराला हौसेने वाचून दाखवत होती, आणि वाचण्याच्या ओघात त्या ओळीचा अर्थ तिच्याही ध्यानात आला नव्हता. माणिकप्पांनी माझ्या अंगाला चिकटलेल्या शिंपल्यांवरून हात फिरवला आणि साधेच विचारले होते,

"उतरलं म्हनतीस. मग ही बारकी पिल्लं वर कशी चढली?"

मित्रांनो, त्या दोघांच्या मध्ये आडवी पडलेली मी एक जुनी मोजकाठी आहे. त्या प्रश्नासरशी मला माझे सगळे आयुष्य पुन्हा दिसले.

बेंबळीच्या शिवारात, एका बांधावर मी बाभूळ म्हणून उभी होते. बाभळी सहसा वाकड्या वाढतात. मी का कोण जाणे, सरळ वाढले. माझ्या मुळांना ठाऊक असलेले पाणी नेहमी खाली जात असे. दर उन्हाळ्यात ते थोडे अधिक खोल सरके, आणि मी त्याच्यामागे अंधारात बोटे लांबवत राही. पाणी म्हणजे आपल्यापासून दूर जाणारी वस्तू, एवढीच माझी समज होती. एका वळवाच्या वाऱ्यात मी आडवी झाले. माणिकप्पांनी मला कापून, चिरून आपल्या पडवीत दोन वर्षे वाळत ठेवले.

मग एके दिवशी निकिता आली. गावचीच मुलगी, धाराशिवला शिकणारी. तिथल्या एका महाविद्यालयाला संशोधनासाठी निधी मिळाला होता आणि तिला त्या कामावर घेतले होते. समुद्र चढू लागला तर किनाऱ्यावरच्या कोणत्या वस्त्या आधी धोक्यात येतील, हे त्यातून शोधायचे होते. समुद्रापासून इतक्या दूरच्या माणसांनी हे काम का मागावे, असे अनेकांनी विचारले. पाण्याचे उणे ज्यांनी जन्मभर पाहिले त्यांना पाण्याचे अधिकही दिसेल, असे प्रकल्पाचे प्रमुख कृष्णराज सर यांनी अर्जात लिहिले होते.

"धा फुटाची काठी?" माणिकप्पांनी विचारले. "कुणाला मारायला?"

"समुद्राचं पाणी मोजायला, अप्पा."

"तिकडं लाकडं सरली का काय? आन् तू तरी बघितलाईस का समिंदर?"

"न्हाय."

"म्या बी न्हाय. म्हंजे तिघं बी सारखीच." तिसरी मी होते. त्यांनी मला रंधा मारला, चुन्यासारखा पांढरा रंग दिला आणि काळ्या रेघा आखायला घेतल्या. "शून्य वर धरू न्हवं?"

"व्हय, वरच," निकिता म्हणाली.

यात दोघांनाही काही वेगळे वाटले नाही. आमच्या भागात पाणी वरूनच मोजतात. विहिरीच्या काठावर उभा राहून माणूस विचारतो, पाणी किती परसावर गेले? परस म्हणजे उभ्या माणसाएवढी खोली. काठ म्हणजे शून्य. तिथून आकडा जितका मोठा, तितके पाणी दूर आणि तितकी काळजी मोठी. आकडा लहान झाला की पाणी जवळ आले, आणि मग माणसे हसतात. त्या हिशेबाने माझ्या माथ्यावर शून्य आले आणि पायाकडे आकडे वाढत गेले.

कॉलेजच्या जीपच्या टपावर बांधून मला घाट उतरवला गेला. एका खाडीच्या तोंडाशी, जुन्या दगडी धक्क्याच्या खांबाला, निकिताने मला लोखंडी पट्ट्यांनी उभे जखडले. तेव्हा ओहोटी होती. खाली नुसता चिखल चमकत होता. मला वाटले, इथेही पाणी गेलेलेच आहे. आपल्या ओळखीचेच गाव आहे हे.

आणि मग ते आले.

मित्रांनो, कुणी न बोलावता, कुणी न उपसता पाणी स्वतःहून वर येते, हे मी त्या दुपारी पहिल्यांदा पाहिले. आधी चिखलातली भोके भरली. मग माझे पाऊल थंड झाले. मग गुडघा, मग कंबर. आवाज नव्हता. एवढे प्रचंड काहीतरी चालत येत होते आणि त्याला घाई नव्हती. ज्या वस्तूमागे मी आयुष्यभर धावले, ती माझ्या छातीपर्यंत येऊन थांबली, क्षणभर स्थिर राहिली, आणि जणू काही विसरले म्हणून परत फिरली. धक्क्यावर निकिता वही हातात घेऊन बसली होती. तिने त्या वेळी काही लिहिले नाही. पाणी पूर्ण उतरेपर्यंत ती तशीच बसून होती, आणि तिच्या चपला भिजल्या होत्या.

तिथे माझी निगा राखायला सुलोचना तांडेल होत्या. मासे सुकवणाऱ्या, धक्क्यामागच्या वस्तीत राहणाऱ्या. दर पुनवेला आणि अवसेला, उधाणाचे पाणी जिथे सर्वांत वर टेकेल तो आकडा त्या वहीत लिहीत आणि पानाचा फोटो धाराशिवला पाठवत. त्यांची वस्ती आणि खाडी यांच्यामध्ये मातीचा एक बंधारा होता, दोन ठिकाणी खचलेला; दुरुस्तीच्या सरकारी यादीत त्याचे नाव होते. त्यांची विहीर काठोकाठ भरलेली होती, पण तिचे पाणी मचूळ झाले होते. भरलेल्या विहिरीशेजारी हंडा घेऊन टँकरची वाट पाहणारी बाई मी तिथे पाहिली. हे दृश्य समजून घ्यायला मला फार दिवस लागले.

"गो बाय," सुलोचनाबाई एकदा निकिताला म्हणाल्या, "पाणी चढतंय नि तुझा आकडा उतरतोय. काठीचं डोकं फिरलंय की माझं?"

"काकी, आमच्याकडं असंच मोजतात," निकिता हसून म्हणाली.

सुलोचनाबाईही हसल्या. पण वहीच्या शेवटच्या रकान्यात, शेरा म्हणून, त्या आपल्या समाधानासाठी लिहीत राहिल्या: पाणी बंधाऱ्याला लागले. पाणी बंधाऱ्यावरून आत आले. पाणी शेजारच्या रामहरीच्या ओट्याला टेकले.

माझ्या अंगावर कालवे, म्हणजे खडकाला चिकटून वाढणारे शिंपले, धरली. पहिल्या वर्षी त्यांची एक रेघ झाली. दुसऱ्या वर्षी तिच्यावर चार बोटे नवी, नखाएवढी पिल्ले बसली. एका पौषी पुनवेला पाणी चौसष्ट सेंटिमीटरवर टेकले होते. पुढच्या पौषी पुनवेला सत्तावन्नवर. ते माझ्या माथ्याच्या जवळ येत होते. एका वर्षाच्या मापावरून समुद्राचा स्वभाव सांगता येत नाही, हे मलाही कळते. पण बंधाऱ्याला तो स्वभाव कळण्याइतका वेळ नव्हता.

आणि तिकडे धाराशिवमध्ये, निधी देणाऱ्या संस्थेच्या तक्त्यात एका रकान्याचे नाव होते, पाण्याची उंची. निकिताचा सहकारी रणधीर याने वहीतले आकडे जसेच्या तसे त्या रकान्यात उतरवले. चौसष्टचे सत्तावन्न झाले, उंची कमी झाली, समुद्र उतरला. शेऱ्यासाठी तक्त्यात जागाच नव्हती. निकिता तेव्हा खाडीवर होती. तिने परतल्यावर शेवटच्या पानावर सही केली. आकडे तर तिने स्वतःच जमवले होते.

अंगावरचे आकडे पुसट झाले म्हणून ती मला रंगवायला बेंबळीला घेऊन आली, आणि माणिकप्पांनी तो प्रश्न विचारला.

निकिताने खाडीवर फोन लावला आणि बंधाऱ्याच्या दुरुस्तीचे काय झाले ते विचारले. पलीकडून सुलोचनाबाईंचा आवाज अंगणभर ऐकू आला.

"बंधाऱ्याचं? यादीतनं नाव गेलं गो. सायब म्हणाला, तुमच्याच इथल्या कागदात पाणी उतरलंय म्हणून लिवलंय. सोमवारी यादी पक्की होणार. आम्ही काय बोलणार? तू शिकलेली, तू खोटं कशाला लिवशील."

निकिताने फोन खाली ठेवला. माणिकप्पा आपल्या बोटांकडे पाहत होते.

"चूक माझ्या नावावर लिव्ह," ते म्हणाले. "सुतारानं आकडे उलटे काढले म्हनावं. मला कोन नोकरीवरनं काढनाराय?"

"तुमी मला विचारलं होतं, अप्पा. व्हय मीच म्हणले."

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, सकाळच्या जीपने आम्ही धाराशिवला गेलो. मला न रंगवताच तिने उचलले होते, शिंपल्यांसकट. कृष्णराज सरांच्या खोलीत तिने मला टेबलावर आडवे ठेवले. माझी दोन्ही टोके टेबलाबाहेर राहिली. शेजारी तिने आपल्या हाताने लिहिलेले दुरुस्तीचे पत्र ठेवले.

सरांनी ते दोनदा वाचले. "पहिल्याच अहवालात लिहून द्यायचं की आम्हाला काठी वाचता आली नाही?"

"वाचता येत होती, सर. आपल्या विहिरीसारखी वाचली आणि कागदाला ते सांगितलं नाही."

"रकान्याचं नाव उंची होतं," दारात उभा असलेला रणधीर हळूच म्हणाला.

"शेवटच्या अहवालात दुरुस्त करू," सर म्हणाले. "दहा महिने आहेत अजून."

"यादी सोमवारी पक्की होते."

"यादी आपण करत नाही, निकिता."

"आपला कागद बघून करतात, सर."

सरांचा हात नकळत माझ्यावर आला होता. त्यांची बोटे जुन्या, जाड कालवांवरून सरकत वर आली आणि त्या नखाएवढ्या पिल्लांवर थांबली. मला वाटते, त्यांनीही समुद्राला असा हात पहिल्यांदाच लावला असावा. ते बराच वेळ तिथेच चाचपत राहिले.

"पुरावा म्हणून हे कच्चं आहे," ते शेवटी म्हणाले, पण त्यांनी बोट उचलले नाही.

मित्रांनो, मला वाचा असती तर मी तिथे एवढेच मागितले असते. माझ्यासारख्या काठीला रंग द्या, तेल द्या, पण तिच्याशेजारी राहणाऱ्या माणसाचे म्हणणेही तितक्याच निगुतीने जपा. आकडा मी देते. पाणी कुणाच्या ओट्याला टेकले, हे मला माझ्या जागेवरून दिसत नाही. ते सुलोचनाबाईंना दिसत होते आणि त्यांनी ते लिहूनही ठेवले होते. ज्या हातांनी मला घडवले ते प्रामाणिक होते, ज्या हातांनी आकडे उतरवले तेही. तरीही एवढा थोरला समुद्र एका कागदावर उलटा वाहिला. जे आपल्याला सांगण्याची गरजच वाटत नाही, ते आधी सांगा.

सरांनी खुर्ची ओढली, पेन उघडले आणि पत्राखाली सही केली. मग सुलोचनाबाईंच्या वहीची सगळी पाने, शेऱ्यांसकट, सोबत जोडायला रणधीरला सांगितले.

"आजच पाठव," ते म्हणाले. "निकिता, निधी देणारे विचारतील, मोजणारं माणूस तेच ठेवणार का."

"फाल्गुनातल्या पुनवेला उधाण आहे, सर," निकिता म्हणाली. "खाडीवर मीच जाणार ना?"

सरांनी पेनाला टोपण लावले, ते खिशात अडकवले, क्षणभर माझ्याकडे पाहिले, आणि "ते आता तेच ठरवतील," म्हणत व्हरांड्यातून जिन्याकडे चालत निघून गेले.