पाण्याने लिहिलेलं नाव

मी एक जुना काळा दगड आहे. कोरीट गावच्या विहिरीच्या कठड्यावर माझी उमर गेली. मित्रांनो, दगड दमतो हे तुम्हांला पटायचं नाही, पण माझ्या अंगावर बोट जाईल एवढ्या खोल तीन खाचा आहेत. त्या छिन्नीच्या नाहीत, बायकांच्या ओल्या दोरांच्या आहेत. तेव्हा माझा मान होता. माझ्यावर टेकल्याशिवाय घागर डोक्यावर चढत नसे. मग घरोघरी नळ आले, विहिरीवर जाळी बसली, आणि मी जसोदाबाईंच्या परसात आलो. कपडे आपटून घ्यायला.

जसोदाबाई पन्नाशीच्या. त्यांची सून नूतन दुपारी शाळेच्या ओट्यावर गावातल्या बायकांना अक्षरं शिकवायची. जसोदाबाई तिकडे फिरकत नसत. सासूने सुनेपुढे चुकायचं, तेही चार बायकांत? पण धुणं झालं की त्या पाण्यात बोट बुडवून माझ्यावर अक्षरं काढायच्या. आमच्याकडचं ऊन असं, की कुणी बघायच्या आत सगळं वाळून साफ.

पौषात एक दिवस धुकं उतरलं. ऊन आलंच नाही. नूतन परसात आली तर माझ्यावर ‘जसोदा’ अजून ओलं.

“मन्हं नाव शे ते,” जसोदाबाई पुटपुटल्या. “कोनले सांगू नको.”

नूतनने माझ्या खाचेत बोट घातलं आणि फार जुनी गोष्ट सांगितली. अकिवा नावाचा एक ज्यू मेंढपाळ होता. चाळिशीपर्यंत त्याला अक्षर येत नव्हतं. एका विहिरीवर त्याने पाण्याने झिजलेला दगड पाहिला. मऊ पाणी दगडात शिरतं, मग विद्या माझ्यात का शिरणार नाही, असं म्हणून तो लेकासोबत गुरुजींकडे गेला. पाटीचं एक टोक बापाने धरलं, दुसरं लेकाने. पुढे तो मोठा रब्बी, म्हणजे धर्मगुरू, झाला. स्वतःवर करता तेवढी माया शेजाऱ्यावर करा, हे त्याचं सगळ्यात मोठं सांगणं.

त्या झिजलेल्या दगडाचं पुढे काय झालं, ते मात्र कुणी विचारलं नाही.

“त्यानी बायको त्याले हासनी नही?” जसोदाबाईंनी विचारलं.

“नही आत्या. तिनीच धाडं त्याले.”

“मी चुकनू ते मारशी का?”

“मारसू. मग संध्याकायले भाकर कोन दी माले?”

दुपारी दोघी निघाल्या. परसाच्या दारात जसोदाबाई थबकल्या. आता फिरतात मागे, असं मला वाटलं. नूतनने पाटी पुढे केली, पण हातातून सोडली नाही. जसोदाबाईंनी दुसरं टोक धरलं.

आता त्या वहीत लिहितात. मी कोरडाच असतो. परसात फरशी बसणार आहे, मला तिच्या कडेला जमिनीत गाडायचं घरात बोलतात. मी थकलोय, गाडलंत तरी रागावणार नाही. पण मित्रांनो, उशिरा शिकणाऱ्याला हसू नका. आणि मला पालथं घालू नका. खाचा वर राहू द्या. कुणाचं तरी बोट अजून ओलं असेल.