शपथेचं पाणी

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. मंचावर पाण्याने भरलेली काचेची भांडी ओळीने मांडलेली, आणि शेजारी उभा माझा मोठा भाऊ, अख्ख्या गावाचा दादा.

"पाणी खोटं बोलत नाही!" दादा गरजला. "आठवड्यात दारूचा एक घोट जरी घेतला असेल, तरी हात बुडवताच लाल होणार!"

पोटातली दारू बोटांपर्यंत कुठल्या रस्त्याने येते, हे विचारायची कुणाची टाप नव्हती. दोन पक्के बेवडे पुढे आले. दादाने त्यांचे हात मायेने हातात घेतले आणि मग भांड्यात बुडवायला लावले. पाणी लालभडक! दोघेही ढसाढसा रडले, दारू सोडली म्हणाले. तीन महिन्यांत चाळीस घरांतली दारू अशीच सुटली होती.

मग इस्पितळात चादरी धुणारी बाई हौसेने पुढे झाली. जन्मात थेंब न घेतलेली, कामावरून थेट आलेली. तिने हात बुडवले आणि पाणी लाल झालं.

"अगं बाई, ही पण?" कुणीतरी ओरडलं. तिच्या नवऱ्याने झिंज्या धरून तिला खाली ओढलं.

"घरात पाय ठेवू नकोस! पोरांना तोंड दाखवू नकोस!"

"नाही हो घेतली! पोरांची शपथ!" तिचा ओठ फुटला होता. कुणी चपला काढल्या, कुणी खुर्ची उचलली.

मी धावत मंचावर चढले. मी शाळेत विज्ञान शिकवते. पाण्यातलं ते बिनरंगी औषध प्रयोगशाळेतून मीच दादाला आणून दिलं होतं, चांगल्या कामासाठी म्हणून.

"दादा, सांग त्यांना! तिच्या हाताला धुण्याचा सोडा आहे रे."

"गप्प बस." त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. "आज खरं सांगितलं तर चाळीस घरं बुडतील. एकीला सोसावं लागेल."

मुंगीवरही पाय न देणारा माझा दादा हे बोलत होता. मला गर्दीपेक्षा त्याचीच जास्त भीती वाटली.

मी त्याचा उजवा हात धरला आणि सगळ्यांदेखत पुढच्या भांड्यात बुडवला. पाणी लाल झालं.

"दादा पितो का?" मी गर्दीला विचारलं. "नाही! त्याच्या तळहाताला सोडा आहे. ज्याला पकडायचं, त्याचा हात तो आधी हातात घेतो. पाण्यात औषध आहे, सोडा लागला की ते लाल होतं. बाईंचे हात स्वच्छ धुवा आणि पुन्हा बघा!"

धुतले, नव्या भांड्यात बुडवले. पाणी नितळ राहिलं. नवऱ्याने मान खाली घातली. तिने त्याच्याकडे पाहिलंही नाही.

पुढच्या आठवड्यात अकरा जण पुन्हा गुत्त्यावर दिसले. "हे तुझं पाप," दादा म्हणतो. असेलही. पण आणखी दोन मिनिटं मी गप्प राहिले असते, तर ती बाई तिथून जिवंत उठली नसती.

म्हणून हात जोडून सांगते. माणूस कितीही भला असो, त्याच्या भांड्यात हात घालण्याआधी आत काय आहे ते विचारा. तो चिडला, तर पुन्हा विचारा.